तान्हं लेकरू आणि तेवढाच पगार: किराणा अन् डायपरचा खर्च कसा आटोक्यात आणायचा

घरात पहिलं लेकरू आलं की महिन्याचा खर्च दोन्हीकडून वाढतो. बाळंतिणीला तूप, खारीक, डिंक, मेथी, दूध लागतं आणि मेडिकलमधून डायपरचा पुडा दर चार-पाच दिवसांनी आणावा लागतो. वाळूजला कंपनीत कंत्राटी काम असो, जालन्याच्या स्टील कारखान्यातली पाळी असो की नांदेडच्या कापड दुकानातली नोकरी असो, पगार मात्र तेवढाच राहतो. हा लेख अशाच नव्या जोडप्यांसाठी आहे, ज्यांनी स्वतःचा किराणा आत्ता-आत्ता भरायला घेतलाय.

सुरुवातीलाच एक सांगते. बाळंतिणीच्या ताटातलं आणि लेकराच्या वाटीतलं काहीही कमी करायचं नाही. काटकसर करायची ती खरेदीची वेळ, माप आणि जागा बदलून. खाली दिलेल्या पायऱ्यांचा क्रमही मुद्दाम तसाच ठेवलाय. आधी खर्च कुठे होतो ते बघायचं, मग हक्काचं घ्यायचं आणि त्यानंतरच बाजारात जायचं.

पायरी १: महिनाभर वही लिहा

साधी शंभर पानी वही घ्या आणि चार रकाने पाडा: किराणा, दूध-भाजीपाला, लेकराचं आणि सुटे. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. टपरीवरचा चहा, कुरकुऱ्यांची पाकिटं, तंबाखू-सुपारी, येता-जाता घेतलेला वडापाव हे सगळं त्यात लिहायचं. दिवसाला ४० रुपये सुटे गेले तर महिन्याला १,२०० होतात. एवढ्या पैशात लहान कुटुंबाची महिन्याची डाळ आणि बरंचसं तेल येतं. हा खर्च कुणी उधळपट्टी म्हणून करत नाही, तो दिसतच नाही म्हणून होतो. लिहिला की दिसतो.

घरात आत्याबाई, म्हणजे सासूबाई, असतील तर वही त्यांच्याजवळ बसून लिहा. एक किलो डाळ किती दिवस पुरते, चहाला किती साखर जाते, हे त्यांना तोंडपाठ असतं. ते आकडे कागदावर आले की पुढच्या पायऱ्या सोप्या होतात.

पायरी २: हक्काचं आधी पदरात घ्या

लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं झाली तरी सुनेचं नाव माहेरच्याच रेशनकार्डावर असतं, अशी घरं गल्लोगल्ली आहेत. माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणा आणि सासरच्या कार्डावर नाव चढवा. लेकरू झालं की जन्माचा दाखला काढून त्याचंही नाव लावायला द्या. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यातल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं आणि अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. सून आणि लेकरू अशी दोन नावं वाढली तर प्राधान्य कार्डावर वर्षाला १२० किलो धान्य वाढतं. तालुक्याचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, भरलेला असेल तर नाव लगेच लाभात बसत नाही. तरीही अर्ज देऊन पोच घेऊन ठेवा, कारण जागा झाली की आधीचा अर्ज उपयोगी पडतो. सगळ्यांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालीय का तेही दुकानदाराला विचारा. अंगठा लावल्यावर मशीनमधून निघणारी पावती मागून घ्या आणि त्यावरचे किलो वाचा.

मराठवाड्यातल्या केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना २०२३ पासून धान्याऐवजी माणशी रोख रक्कम बँकेत येते. तुमच्या घराचा सातबारा असेल आणि कार्ड त्या गटातलं असेल तर खातं आधारला जोडलेलं आहे का ते एकदा तपासा.

रेशनचा तांदूळ दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला विकू नका. आपल्याकडे भात कमी खातात, म्हणून तो पडून राहतो आणि मग किरकोळ भावात जातो. त्यापेक्षा तोच तांदूळ आणि उडीद डाळ भिजवून इडली-डोशाचं पीठ करा, धिरडी करा, लेकराची खिमटी करा. तांदळात वेगळे दिसणारे दाणे आढळले तर ते प्लास्टिकचे म्हणून निवडून टाकू नका. लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घालून ते दाणे मुद्दाम बनवलेले असतात.

अंगणवाडीत नाव नोंदवणं तर दिवस राहिल्यापासूनच करायचं. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि ६ महिने ते ३ वर्षांचं लेकरू यांना घरपोच आहार मिळतो. चव आवडत नाही म्हणून कित्येक पाकिटं गुरांना जातात, याचं मला वाईट वाटतं. त्यात थोडं तूप, गूळ आणि शेंगदाण्याचा कूट घालून लाडू वळले किंवा धपाट्याच्या पिठात मिसळलं तर मोठीही खातात. पहिल्या लेकराच्या वेळी पंतप्रधान मातृवंदना योजनेत पात्र आईला दोन टप्प्यांत ५,००० रुपये मिळतात, दुसरं लेकरू मुलगी झालं तर ६,०००. अर्ज अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंकडून करून घ्या. पिवळ्या किंवा केशरी कार्डाच्या घरात १ एप्रिल २०२३ नंतर मुलगी जन्मली असेल तर 'लेक लाडकी' योजनेचा पहिला हप्ता ५,००० रुपयांचा आहे, तोही विसरू नका.

पायरी ३: सुगीत भरा, वर्षभर खा

पैसा खरा वाचतो तो इथे. आपल्या भागात राहण्याचा हा मोठा फायदा आहे, कारण ज्वारी, तूर, हरभरा, हळद हे सगळं आपल्या आजूबाजूलाच पिकतं. तेच धान्य फिरून पाकिटात येईपर्यंत थांबलो तर मधल्या सगळ्यांचे पैसे आपण देतो.

मूग-उडीद ऑगस्टच्या शेवटापासून निघतात. तूर डिसेंबर ते फेब्रुवारी, हरभरा आणि रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. वाळलेली लाल मिरची, चिंच आणि वसमत-हिंगोलीकडची हळदही उन्हाळ्याच्या तोंडावरच बाजारात येते. म्हणजे महत्त्वाची खरेदी जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांत येते. एकदम एवढा पैसा कुणाच्याच घरी नसतो, म्हणून महिन्याला एकच जिन्नस धरा. जानेवारीत तूर, मार्चमध्ये ज्वारी, एप्रिलमध्ये गहू आणि मिरची. त्यासाठी दिवाळीपासूनच भिशीत किंवा बचत गटात ५०० रुपये बाजूला टाकत चला. व्याजाने पैसे काढून मात्र धान्य भरू नका, सगळा फायदा व्याजात जातो.

किती भरायचं? एका भाकरीला साधारण ८० ते १०० ग्रॅम पीठ लागतं. घरात चार मोठी माणसं आणि दिवसाला १० भाकरी धरल्या तर रोज किलोभराच्या आत-बाहेर, महिन्याला ३० किलो आणि वर्षाला साडेतीन क्विंटल ज्वारी झाली. रेशनचा गहू मिळत असेल तर तेवढी ज्वारी कमी धरा. पहिल्याच वर्षी सगळी भरू नका. सहा महिन्यांची भरा, कीड न लागता टिकते का ते बघा, मग पुढचं.

ज्वारी विकत घेताना मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारा. भुसा, काळे पडलेले दाणे आणि भोकं पडलेले दाणे लगेच दिसतात. दोन-चार दाणे दाताखाली धरा. कडक फुटला तर वाळलेला आहे, दबला तर ओल आहे, आणि ओला माल कितीही स्वस्त असला तरी घ्यायचा नाही. मालदांडी जातीच्या ज्वारीची भाकरी मऊ आणि पांढरी होते. जालन्याची दगडी ज्वारीही चवीला नावाजलेली आहे. शक्य असेल तर दोन-तीन किलो आधी नेऊन भाकरी करून बघा आणि मगच पोतं सांगा.

तुरीचं गणित कागदावर मांडल्याशिवाय उडी मारू नका. क्विंटलभर तुरीची भरडून साधारण ७० किलो डाळ पडते, बाकी चुनी आणि भुसा. २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव ८,००० रुपये क्विंटल होता. त्या भावाने घेतली तर डाळ किलोला ११४ रुपयांना पडली, वर भरडाई आणि गाडीभाडं. चुनी म्हैस असलेल्या घरी विकली जाते, तेवढे पैसे वजा करा. दुकानातली डाळ यापेक्षा किलोमागे १५-२० रुपयांनी महाग असेल तरच हा खटाटोप परवडतो, नाहीतर थेट डाळ मिलमधून तयार डाळ घ्या. लातूर तर डाळीचीच बाजारपेठ आहे. मिलमध्ये तुकडा डाळ, म्हणजे खंडा, अख्ख्या डाळीपेक्षा स्वस्त मिळतो. शिजवून घोटलेल्या वरणात तुकडा होता की अख्खी डाळ, हे कुणालाच कळत नाही.

सुगीत बाजारभाव बऱ्याचदा हमीभावाच्या खाली असतो. ओळखीच्या शेतकऱ्याला मोंढ्यात (धान्य बाजारात) मिळतो त्यापेक्षा चार पैसे जास्त देऊन थेट त्याच्या घरून धान्य घेतलं तर त्याची आडत, हमाली वाचते आणि आपल्यालाही दुकानापेक्षा स्वस्त पडतं. मला ही खरेदी सगळ्यात आवडते, कारण यात कुणीच पडत्या भावात सापडत नाही. एकट्याला क्विंटल जड जात असेल तर गल्लीतल्या तीन-चार घरांनी मिळून घ्या आणि वाटून घ्या. मापं काढताना सगळे हजर असले की पुढे कुरबूर राहत नाही.

साठवण नीट झाली नाही तर केलेलं सगळं वाया जातं. एप्रिल-मेच्या कडक उन्हात धान्य दोन-तीन दिवस पातळ पसरा, संध्याकाळी गोळा करून पूर्ण गार होऊ द्या आणि मग पत्र्याच्या कोठीत भरा. गरम असतानाच भरलं तर आत घाम धरतं आणि टोके (किडे) होतात. तळाला आणि मधल्या थरांत सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाला. डाळीला एरंडेल तेलाचा हलका हात चोळला तर ती पावसाळा काढते. कोठी भिंतीला न टेकवता विटांवर ठेवा.

धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या, ज्यांना लोक सल्फास किंवा सेल्फॉस म्हणतात, त्या राहत्या घरात अजिबात वापरू नका. त्यातून निघणारा गॅस जीव घेतो आणि बंद खोलीत झोपलेल्या लहान लेकरांना त्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. एक-दोन खोल्यांच्या घरात जिथे कोठी तिथेच पाळणा असतो. थोडं धान्य किडलं तर चाळून घेता येतं.

पायरी ४: दुकानात मापाकडे बघा

तेलाच्या डब्यावर '१५ किलो' लिहिलंय की '१५ लिटर' हे पहिल्यांदा वाचा. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम असतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडंसंच वर तेल. समजा किलोचा डबा २,२५० रुपयांना आणि लिटरचा २,१०० रुपयांना आहे. दीडशे रुपये वाचले असं वाटतं, पण पहिला किलोला १५० रुपयांना पडतो आणि दुसरा जवळपास १५४ रुपयांना. पिशव्यांचंही तसंच. एकसारख्या दिसणाऱ्या पिशव्यांत एकीत लिटरभर असतं, दुसरीत ८५० ग्रॅमच. आहारतज्ज्ञ माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरे म्हणतात. चार माणसांच्या घरात चार-पाच लिटर संपत असेल तर स्वस्त डबा शोधण्याआधी फोडणीचा हात आवरा. तेल बाटलीतून थेट ओतायचं सोडून पळीने मोजून घेतलं तरी महिन्याअखेर फरक दिसतो.

सुटं धान्य, डाळी, पीठ यावर जीएसटी नाही, छापील पाकिटबंद मालावर ५ टक्के आहे. त्यामुळे पोहे, डाळ, रवा यांसारख्या वस्तू चांगल्या भुसार दुकानातून सुट्या घेतलेल्या बऱ्या. हळद-तिखट मात्र सुटं दळलेलं घेऊ नका, भेसळीला तिथे जागा असते. हळकुंडं आणि मिरच्या आणून डोळ्यासमोर कांडून घ्या.

मोठा पॅक नेहमी स्वस्त असतो हे खरं नाही. शाम्पूच्या पुड्या पुष्कळदा बाटलीपेक्षा मिलीमागे स्वस्त पडतात. पाकिटावर बारीक अक्षरांत ग्रॅममागची किंवा मिलीमागची किंमत छापलेली असते, तीच वाचायची सवय लावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू आणि डोक्याच्या तेलावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तूप-लोण्यावरचा १२ वरून ५ वर. दुकानदार अजून त्या आधीचीच किंमत लावत असेल तर विचारा.

मोठ्या मार्टमध्ये महिन्यातून एकदाच जा, यादी घेऊन आणि लेकराला घरी ठेवून. गल्लीतल्या किराणा दुकानाची उधारी ज्यांना सोडवत नाही त्यांनी निदान वही स्वतःकडे ठेवावी आणि दर आठवड्याला दुकानदाराच्या वहीशी ताडून बघावी. उधारीत माणूस भाव विचारत नाही, तिथेच पैसे जातात.

पायरी ५: स्वयंपाकघरात

भाजी आठवडी बाजारातून घ्या. दिवेलागणीला पाला उठवायची घाई असते, तेव्हा मेथी-पालकाच्या जुड्या निम्म्या भावात मिळतात. कांदे-बटाटे, लसूण मात्र सकाळी निवडून घ्यावेत. उन्हाळ्यात भाजी महागली की वाळवणाच्या मुगवड्या, हुलग्याचे शेंगोळे, मोड आलेली मटकी, पिठलं, जवसाची आणि कारळ्याची चटणी यांच्यावर आठवड्यातले तीन दिवस सहज निघतात. शिळ्या भाकरीचा कुस्करा सकाळच्या नाश्त्याला, त्यावर शेंगदाणे आणि दही.

येसर घरी करून ठेवा. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, मिरे, लवंग, खोबरं वेगवेगळं खमंग भाजून एकत्र दळायचं. भाजी नसेल त्या दिवशी दोन-तीन चमचे येसर पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीत ओतलं की चार माणसांची आमटी होते. वरणाच्या जागी ती रोज मात्र करू नका. डाळ मुबलक लागते ती बाळंतिणीला आणि वाढत्या लेकराला.

पायरी ६: लेकराचं खाणं

पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, वर पाणीसुद्धा नको. यात लेकराचं भलं तर आहेच, पण घराच्या खर्चातही यासारखी बचत नाही. पावडरच्या दुधाचा डबा आठवड्याभरात संपतो. दूध कमी येतंय असं वाटलं तर डबा आणायच्या आधी आशा ताईंना किंवा सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना दाखवा. बहुतेक वेळा लेकरू नीट लावून धरणं आणि पुन्हा पुन्हा पाजणं एवढ्यानेच दूध वाढतं. डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलंच असेल तर डब्यावर लिहिलंय तेवढंच चमच्यांचं माप घाला. डबा पुरवायचा म्हणून पातळ करून पाजलेल्या दुधाने लेकरू वाळतं.

सहा महिन्यांनंतर विकतच्या खाऊच्या डब्याची गरज नाही. दोन वाट्या ज्वारी आणि एक वाटी मूग डाळ धुऊन, वाळवून, मंद आचेवर भाजून बारीक दळा. पाण्यात शिजवून वरून घरचं तूप सोडा. त्याच्या जोडीला खिमटी, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, वरणातली घट्ट डाळ. वर्षाच्या आत मीठ-साखर नको आणि मध तर चाटवायचाही नाही.

पायरी ७: लंगोट आणि डायपर

तान्हं लेकरू दिवसातून दहा-बारा वेळा ओलं करतं. दर वेळी डायपर लावलं आणि एक ९ रुपयांना धरलं तर महिन्याचे ३,००० रुपये होतात. कंत्राटी पगारातून तेवढे जाऊ देणं शक्य नाही आणि तशी गरजही नाही. दिवसा सुती लंगोट, रात्री एक डायपर, आणि दवाखाना किंवा प्रवास असेल तेव्हा एखादं जास्तीचं, असं ठरवलं तर महिन्याला ३५-४० डायपर लागतात. खर्च साडेतीनशे रुपयांच्या आसपास येतो. पूर्ण कापडावर राहा असा माझा आग्रह नाही. बाळंतिणीला रात्री चार तास सलग झोप मिळाली तर तिची तब्येत सावरते, आणि त्या एका डायपरचे पैसे मी खुशाल खर्च करायला सांगते.

लंगोट २४ ते ३० लागतात. आजीचं जुनं सुती लुगडं, आजोबांचं धोतर, धुऊन मऊ पडलेला पंचा यांतून सगळे निघतात. नवं कापड घ्यायचंच तर मलमल घ्या. सिंथेटिक साडीचे लंगोट ओल शोषत नाहीत आणि अंगाला चिकटतात. कडा शिवताना जाड दुमड घालू नका, मांडीला वळ उठतात. खाली घालायला मेणकापडाचे दोन तुकडे आणि त्यावर चार-सहा दुपटी असली की गादी वाचते. दुकानात मिळणारे बटणांचे धुवायचे डायपर बाहेर जाताना सोयीचे पडतात, पण त्यांची किंमत दोनशेपासून सहाशेपर्यंत असते. सुरुवातीला दोनच घ्या. मापात बसले, वाळायला वेळ लागत नाही असं दिसलं, तर पुढचे. बारशाला लोक आहेर विचारतातच. तीन महिन्यांत आखूड होणाऱ्या फ्रॉकऐवजी मलमलचं कापड किंवा मोठ्या मापाचा डायपरचा पुडा हवा, असं जवळच्या माणसांना मोकळेपणाने सांगा.

आपल्या आज्या करायच्या ते पायावर बसवणं पुन्हा सुरू करा. लेकराची मान धरली की जमिनीवर पाय लांब करून बसायचं, दोन्ही पावलांच्या मध्ये थोडी जागा ठेवायची आणि त्यावर लेकराला आपल्याकडे तोंड करून बसवायचं. दोन्ही हात त्याच्या काखेत, खाली कागद किंवा पसरट भांडं. सकाळी उठल्यावर आणि दूध पिऊन झाल्यावर थोड्या वेळाने बसवलं आणि तोंडाने 'शी... शी...' असा आवाज केला की काही दिवसांत लेकराला वेळ कळते. पाच मिनिटांत नाही झालं तर उचलायचं, जबरदस्ती नाही. शीचे लंगोट निम्म्याने कमी झाले की साबण, पाणी आणि आईची कंबर तिन्ही वाचतात.

पाण्याचा विचार आपल्याकडे सोडता येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि टँकरची वाट बघणारी गावं आजही दर उन्हाळ्यात असतात. लंगोट धुताना शी आधी संडासात झटका. मग अर्ध्या बादली गार पाण्यात पहिला हात द्या, ते पाणी संडासात टाका. दुसऱ्या अर्ध्या बादलीत थोडी साबण पावडर घालून चोळा, आणि शेवटी दोन वेळा खळबळून काढा. शेवटचं पाणी बरंच स्वच्छ असतं, ते झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी पहिल्या हाताला वापरा. एवढ्यात दहा लंगोटांना दोन बादल्या पाणी पुरतं. आठवड्यातून एकदा उकळतं पाणी ओतून अर्धा तास ठेवा. कपडे मऊ करायचं विकतचं औषध वापरू नका, त्याने कापड ओल शोषेनासं होतं. ब्लीचही नको. वाळवण उन्हातच घाला. आपलं ऊन जंतू मारायला पुरेसं कडक आहे आणि फुकट आहे. पावसाळ्यात लंगोट दमट राहतात, तेव्हा इस्त्री फिरवल्याशिवाय घालू नका आणि त्या दोन महिन्यांत डायपरचा आकडा थोडा वाढला तर वाढू द्या.

टंचाईच्या उन्हाळ्यात घरी दोन घागरी पाणी येत असेल तर सगळे लंगोट धुण्याचा हट्ट नको. तिथे पिण्याचं पाणी आधी, डायपर परवडलं.

डायपर विकत घेताना पुड्याची किंमत भागिले नग. ४२ नगांचा पुडा ३९९ ला असेल तर एक साडेनऊ रुपयांना पडतं, ७४ नगांचा ६४९ ला असेल तर पावणेनऊला. पण तान्ह्यासाठी लहान मापाचा मोठा पुडा घेऊ नका, लेकरू महिन्या-दोन महिन्यांत त्यातून बाहेर येतं. माप वयावरून न बघता वजनावरून बघा, पुड्यावर किलो छापलेले असतात. चड्डीसारख्या डायपरपेक्षा चिकटपट्टीचं बहुधा स्वस्त असतं, आणि अजून न पालथ्या पडणाऱ्या लेकराला तेच सोपं जातं. सप्टेंबर २०२५ मध्ये डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, हे मेडिकलवाल्यासमोर लक्षात असू द्या. एखादी स्वस्त कंपनी वापरून बघायची असेल तर आधी सगळ्यात छोटा पुडा आणा.

पैसे वाचवायला डायपर तासन्‌तास अंगावर ठेवू नका. दिवसा तीन-चार तासांनी बदलायचं आणि शी झाली की लगेच. पुसायला ओल्या पुसण्यांची पाकिटं लागत नाहीत. कोमट पाणी आणि मऊ सुती फडकं पुरतं, मुलीला पुढून मागे पुसायचं. दिवसातून तासभर उघडं ठेवा, खोबरेल तेलाचं बोट लावा. पावडर फवारू नका, ती नाकात जाते. लाली दोन-तीन दिवसांत हटली नाही, पुटकुळ्या किंवा पाणी दिसलं तर दवाखान्यात न्या. वापरलेलं डायपर घट्ट गुंडाळून, कागदात बांधून, घंटागाडीत वेगळं द्या. नाल्यात टाकू नका, चुलीत जाळू नका.

साधारण दीड-दोन वर्षांनी लेकरू स्वतः खूण करायला लागतं. तेव्हा आधी दिवसाचे लंगोट सोडा, रात्रीचं डायपर सगळ्यात शेवटी. चांगले राहिलेले लंगोट आणि दुपटी उकळून, उन्हात कडक वाळवून, कापडात बांधून ठेवा, कारण नात्यात किंवा शेजारी लगेच कुणाला तरी लागतात. डायपरसाठी महिन्याला बाजूला निघणारे साडेतीनशे रुपये मात्र बंद करू नका, ते पुढच्या जानेवारीच्या तुरीसाठी भिशीत टाका.